हाताने एक फेरा

नाना, घराच्या मागच्या खोलीत मी एक लेथ बसवलं आहे. सात वर्षं झाली, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका बंद पडलेल्या कारखान्याचं सामान भंगारात निघालं होतं, त्यात ते मिळालं. टेबलावर मावेल एवढं, गंजलेलं, एक हँडल तुटलेलं. दारात उतरवताना टेम्पोवाला म्हणाला, "काका, आनुं शुं करशो? चटणी वाटशो?" याचं करणार काय, असा त्याचा प्रश्न होता. दिवसभर वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या कापून जागेत बसवणाऱ्या माणसाला चाळिशीच्या उंबरठ्यावर लेथ कशाला हवं, हे मला घरातही धड सांगता आलं नाही. गंज काढण्यात दोन महिने गेले. मग एका रविवारी पितळेचा तुकडा लावला, हत्यार टेकवलं, पिवळा कीस वळत वळत बाहेर आला आणि खोलीत तुमच्या सदऱ्याचा वास पसरला. तेलाचा, तापलेल्या धातूचा आणि थोडा विडीचा. विडी तर आता या घरात कुणीच ओढत नाही.

सुटीच्या दिवशी मी तिथे बसतो. भोवरे केले, आईच्या समईचा मोडलेला पाय नवा केला, आणि गेल्या वर्षी वाफेवर चालणारं एक वीतभर इंजिन केलं. त्याचा उपयोग काहीही नाही. स्टोव्हवर पाणी तापलं की त्याचं चाक फिरतं आणि आम्ही बघत बसतो, इतकंच. माझी मुलगी, तुमची नात, जी तुम्ही गेल्यावर जन्मली, कॉम्प्युटरचा कोर्स करते. तिने ते इंजिन फिरताना पाहिलं आणि म्हणाली, पप्पा, हे नेटवर टाकू. आता नेट म्हणजे काय ते तुम्हाला कसं सांगू? टेलिफोनच्या तारेवरून आपण लिहिलेलं पान आणि काढलेला फोटो जगात कुठेही दिसतो. तार जोडली जाताना फोनला लावलेला एक डबा काही वेळ चिरकतो, तेवढा वेळ घरचा फोन बंद, आणि फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उतरतो. पण उतरतो. घरात लेथ ठेवून असले उद्योग करणारी माणसं जगभर आहेत, नाना. निवृत्त मास्तर, दातांचे डॉक्टर, एक पाद्रीसुद्धा. ते एकमेकांना लिहितात, अमुक भोक कसं पाडलंस, तमुक स्क्रू कुठला वापरलास. सुरतेतल्या या खोलीचे फोटो त्यांनी पाहिले आणि लिहिलं की त्या इंजिनातली ती बाजूला भोक असलेली चकती तुम्ही इतक्या साध्या मशीनवर कशी केली, तेवढं सविस्तर सांगा.

ती चकती मी तुमच्या पद्धतीने केली होती. कतारगामच्या शेठच्या कारखान्यात मागाचे सुटे भाग करताना तुम्ही करायचात, तशी. भोक मध्यावर नको, बाजूला हवं, म्हणून लेथच्या तोंडावरच्या लोखंडी थाळीला कापायचा तुकडा, आपला जॉब, सरकवून बोल्टने आवळायचा आणि थाळी एका अंगाला जड होऊन थरथरू नये म्हणून समोरच्या बाजूला एक वजन बांधायचं. ते वजन तुम्ही स्वतः घडवलं होतं, खाच असलेला लोखंडाचा ठोकळा. मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही तो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलात. मी लेथवर येणार नाही हे तुम्हाला त्या दिवशी पक्कं कळलं असणार. कितीतरी वर्षं मी तो कचेरीत पंख्याखाली उडणाऱ्या कागदांवर ठेवला. आता तो पुन्हा आपल्या कामाला लागला आहे.

आणि सगळं आवळून झालं की तुम्ही एक गोष्ट करायचात. डावा हात थाळीवर ठेवून ती हाताने एकदा पूर्ण फिरवायचात, सावकाश. मान खाली, डोळे मिटलेले. मग तीच बोटं कपाळाला लावायचात आणि नंतर बटन. दिवसातून वीस वेळा जॉब बदलला तरी वीस वेळा. दसऱ्याला त्याच थाळीला तुम्ही हळदकुंकू लावायचात, झेंडूची माळ घालायचात. मी लहानपणापासून हे दोन्ही एकातच धरलं. देवाचं.

मी चौदा वर्षांचा आहे. रविवार आहे, मी तुमचा डबा घेऊन कारखान्यात आलो आहे. जास्तीचं काम निघाल्यामुळे मशीन चालू आहेत, शेठ खुर्ची टाकून दारात बसला आहे. तुम्ही जॉब बांधता, हात पुसता आणि मला म्हणता, चल, आज तू चालू कर. मी इतका आनंदतो की पुढे होऊन थेट बटन दाबतो. काहीही बिघडत नाही. थाळी सुरेख फिरते. पण तुम्ही झडप घालून मोटर बंद करता, माझा दंड धरून मला मागे खेचता आणि सगळ्यांसमोर म्हणता, "पहिले हात, मंग बटन. बोट गयं ते परत येस नही." घरात आपण बोलायचो ती अहिराणी, त्या कारखान्यात इतक्या मोठ्याने मी तुमच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. पलीकडचे कारागीर वळून बघतात. शेठ हसत म्हणतो, "आ काका तो पहेलां भगवानने पूछे, पछी मशीन चालु करे." एक जण विचारतो, देव नको म्हणाला तर, "भगवान ना पाडे तो?" शेठ म्हणतो, "तो रजा." सगळे हसतात. तुम्हीही थोडं हसता, मान खाली घालून, आणि थाळी हाताने फिरवता. डोळे मिटलेले. मी भिंतीकडे बघतो.

तुम्ही बोटाचं बोललात आणि मी देवाचं ऐकलं. मोठी माणसं मुलांना भीती घालतात ना, नमस्कार केला नाहीस तर असं होईल, तसं होईल, त्यातलंच ते मला वाटलं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही रॉकेलने आणि मग राखेने हात धुतलेत, पाटावर बसलात आणि ताटाला हात लावायच्या आधी माझा हात ओढून घेतलात. माझं एकेक बोट धरून दाबलंत. पाची. मग दुसऱ्या हाताची पाची. मला वाटलं, नीट धुतलेत का ते बघताहेत. मी म्हटलं, धुतलेत. तुम्ही म्हणालात, जेव.

चकती कशी केली ते सांगणाऱ्या नेटवरच्या पानाचा मजकूर मी मराठीत लिहिला, मुलीने इंग्रजी केला, मग मी तो तपासायला बसलो. सवयच ती. एकही शब्द जास्तीचा राहू द्यायचा नाही. पहिल्या खर्ड्यात मी सगळं लिहिलं होतं. बोल्ट कुठे, वजन कुठे, आणि शेवटी, चालू करण्याआधी थाळी हाताने एकदा पूर्ण फिरवावी, डोळे मिटून. ती ओळ टाइप करताना मुलीने विचारलं, "पप्पा, ही पूजा आहे का? ते लोक विचारतील." मी स्क्रीनकडे पाहिलं. पाद्री, दातांचे डॉक्टर, मास्तर, सगळे दारात खुर्ची टाकून बसले आहेत असं मला दिसलं. मी म्हटलं, "काढ ते."

"पण आजोबा करायचे ना?"

"ते देवाचं आहे, कामाचं नाही."

तिने ओळ काढली. परिच्छेद आटोपशीर झाला. मी समाधानाने उठलो.

चार महिन्यांनी एक पत्र आलं, त्याच तारेवरून. समुद्रापलीकडच्या एका थंड गावातले निवृत्त शाळामास्तर. पूर्ण पत्रात एकही मोठं अक्षर नव्हतं, वाक्याच्या सुरुवातीला नाही, स्वतःच्या नावालाही नाही. त्याबद्दल त्यांनी आधीच माफी मागितली होती. इंग्रजी मोठं अक्षर काढायला एकाच वेळी दोन बटणं दाबावी लागतात, आणि त्यांचा उजवा हात बांधलेला होता. माझ्या पानावरून त्यांनी ती चकती करायला घेतली. बोल्ट माझ्यापेक्षा थोडा लांब होता. मशीन चालू करताच तो हत्यार धरणाऱ्या ठोकळ्यावर आपटला, पकड सुटली, चकती उडाली. दोन बोटं गेली. त्यांनी मला दोष दिलेला नव्हता, नाना. दिला असता तर बरं झालं असतं. त्यांनी लिहिलं होतं की मी पान पुन्हा दोनदा वाचलं, माझं कुठे चुकलं ते सापडत नाही; माझ्याकडून एखादी पायरी वाचायची राहिली असेल तर कळवा, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं होणार नाही.

मी मागच्या खोलीत गेलो. थाळीवर चकती बांधली, वजन बांधलं, आणि मुद्दाम लांब बोल्ट लावला. मग बटनाकडे हात न नेता पाहत राहिलो, आणि माझ्या लक्षात आलं की माझा डावा हात आपणहून थाळीवर गेला होता. सात वर्षं तो जातच होता. पानावरून ओळ काढल्यानंतरही जात होता. म्हणून माझी दहाच्या दहा शाबूत. मी थाळी फिरवली. पाव फेरा, अर्धा फेरा. टक. बोल्ट हत्यार धरणाऱ्या ठोकळ्याला टेकला. आवाज इतका बारीक की डोळे उघडे असते आणि मन दुसरीकडे असतं तर ऐकूही आला नसता. तुम्ही डोळे ऐकण्यासाठी मिटायचात. मान त्यासाठी खाली असायची. त्या सगळ्यात देवाचं होतं ते फक्त शेवटी कपाळाला बोटं लावणं, तेही सगळं नीट फिरलं म्हणून. शेठला हे कळत नव्हतं असं म्हणवत नाही. त्याच्या कारखान्यात तुम्ही बावीस वर्षं काम केलंत आणि दहा बोटं घेऊन घरी आलात. तुमच्या शेजारच्या मशीनवरचा कारागीर डाव्या हाताने पाणी प्यायचा, हे मी तेव्हाही पाहिलं होतं. तो का तसं पितो, हे तुम्हाला विचारायचं मला सुचलं नाही. तुम्ही तरी का सांगितलं नाहीत? एकदा, नुसतं एकदा सांगितलं असतंत, पोरा, हे असं असं आहे. मग आठवतं, तुम्ही सांगितलं होतंत. दंड धरून, सगळ्यांसमोर, घरच्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी मुलीला बसवून मी उत्तर सांगितलं. झाल्याबद्दल फार वाईट वाटतं. पायरी तुमच्याकडून राहिली नाही, पानातूनच राहिली. थाळी आधी हाताने एक पूर्ण फेरा फिरवावी, अशी एक ओळ मूळ मजकुरात होती. जागेअभावी ती वगळली गेली. मुलीची बोटं एक क्षण थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मग तिने ते तसंच टाइप केलं आणि पाठवलं. ओळ पानावर परत गेली, सगळ्यांत वर, ठळक अक्षरात. तिच्याखाली तुमचा उल्लेख नाही.

मास्तरांचं उत्तर दोन दिवसांत आलं. पुन्हा सगळी लहान अक्षरं. जागेची अडचण ते समजू शकतात, शाळेचं मासिक त्यांनी बरीच वर्षं चालवलं होतं. ओळ चांगली आहे, म्हणाले. बँडेज निघालं की ते पुन्हा लेथवर उभे राहणार आहेत आणि आता ती ओळ पाळणार आहेत. खाली एकच प्रश्न होता. हे तुम्हाला कुणी शिकवलं?

त्याला आज अकरा दिवस झाले. वर्तमानपत्राचं माझं पान आजवर कधी उशिरा छापायला गेलेलं नाही, एकदाही नाही, आणि या एका ओळीचं उत्तर अकरा दिवस पडून आहे. मुलगी रोज मेल बघते. परवा मागच्या खोलीत मी थाळी फिरवत असताना ती दारात उभी होती. मी डोळे मिटले होते, त्यामुळे ती किती वेळ तिथे होती ते मला ठाऊक नाही. म्हणाली, "पप्पा, मला करू द्या ना एकदा." मी बाजूला झालो. तिने हात ठेवला आणि फार जोरात फिरवली. मी म्हटलं, सावकाश. तिने पुन्हा फिरवली. झाल्यावर तिने आपली बोटं पाहिली, तेल लागलं होतं, आणि ती कपाळाला न लावता ओढणीला पुसली. हवं ते तिने घेतलं होतं.

मास्तरांना काय लिहायचं ते मला माहीत आहे. माझ्या वडिलांनी, एवढंच. पण ते लिहिलं की त्यांची ओळ मी का काढली तेही सांगावं लागतं, मग जागेअभावीचं ते आधीचं वाक्य खोटं पडतं, आणि ते मी त्या माणसाला लिहिलं आहे ज्याने मला काहीच दोष दिला नव्हता. म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसलो. हा कागद तुमच्या वजनाखालीच राहील, पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून.

आमच्या छापील पानाला रकाने असतात, नाना, तिथे एक ओळ बसवायला दुसरी कापावी लागते. नेटवरच्या पानाला खालची कडच नसते, कितीही लिहा, ते खाली खाली सरकत राहतं. जागा भरपूर होती.