मायच्या पाण्यातले चार थेंब

८ जानेवारी
आज पुन्हा. भाकरी थापता थापता माय परातीवर हात टेकून बसली. छातीत कोंबडी फडफडल्यासारखं होतं म्हणे. मनगट धरलं. मिनिटाला १२८. परत मोजलं तर ११०. ताल म्हणून नाही. दोन ठोके पटपट, मग एकदम थांबतं.
हिंगोलीच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी दोन गोळ्या दिल्या. एक ठोके आवरायला, एक रक्तात गुठळी होऊ नये म्हणून. तरी हे का?
गळ्याच्या गाठीसाठी थायरॉइडचं रक्त तपासायचं होतं, तेही राहिलं. जायचं ठरलं त्याच दिवशी मेंढरं कातरायला माणसं आली आणि माय त्यांच्या स्वयंपाकाला बसली. मी शाळेत शिकवत होते. तासिकेवरच्या बाईला सुट्टी मागता येते. मागितली नाही.

११ जाने.
कारण सापडलं. सकाळी आबा मायच्या तांब्यात काहीतरी टाकत होते. चार थेंब, मोठ्याने मोजून. विचारलं तर बाटलीच पुढे केली. लपवाछपवी नाही. आयोडीन. वर छापलंय, 'हृदयाची लय सुधारते.' कुणी बनवलं त्याचा पत्ता नाही. काकांचा दिगूदादा जवळा बाजार गावात आठवडी बाजाराच्या दिवशी हे विकतो. तीन आठवडे चाललंय!
मी ओरडलेच, "काहून देऊन राहिले तुमी हे?"
आबा शांत. "करडांच्या गळ्याला गाठी आल्या तवा जनावरांच्या डॉक्टरनं हेच दिलं होतं न्हाई का? पंधरा दिवसांत गळे साफ. तूच मला समजून सांगितलं, आयोडीन कमी पडलं का गाठ येती म्हून."
सांगितलं होतं. मेंढरांच्या वाड्यात करडांजवळ बसून, वहीत चित्र काढून. आबा मान डोलवत ऐकत होते, आणि घरातली पहिली बी.एस्सी. स्वतःवरच खूश होती.

१२ जाने.
मधल्या सुट्टीत शाळेच्या कॉम्प्युटरवर वाचलं. करडांना आयोडीन कमी पडलं होतं. मायची गाठ वीस वर्षांची, खडबडीत. अशा गाठीला एकदम एवढं आयोडीन मिळालं तर ती सुसाट सुटते, आणि हृदय तिच्या मागे. म्हणजे ज्यासाठी देताहेत तेच बिघडतंय.
घंटा झाली. तसाच पाचवीचा तास घेतला.

१३ जाने.
दिगूदादा घरी आला होता. चहा पीत हसत होता.
"तू डॉक्टर हाय का बाई? शिकली, बराबर हाय. पण मानसांत वागायला बी थोडं शिक."
म्हटलं, तुम्ही कुठं शिकलात? म्हणे मोबाइलवर. मोठमोठे लोक सांगतात म्हणे.
मग निघता निघता मायला म्हणाला, "काकू, ती रक्त पातळ करायची गोळी बंदच ठिवा. तुमच्या अंगात रक्त हाय किती?"
बंदच ठेवा! म्हणजे आधीच बंद केली होती. फळीवरचं पाकीट काढून पाहिलं. भरलेलं. गुठळी मेंदूत गेली तर माय एका बाजूनं लुळी पडेल, हे या माणसाला कुणी मोबाइलवर सांगितलं नाही का?
चहाचा कप उचलून मोरीत आपटला. फुटला. मायनं तुकडे गोळा केले आणि मलाच रागावली.

१५ जाने.
मायला घेऊन हिंगोली. आबा मेंढरांकडे. डॉक्टर मायवर ओरडले, मग माझ्याकडे वळले. "घरात शिकलेली मुलगी असून हे?" बाहेर रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. आधी कुठे होते हे डॉक्टर? तपासणी का झाली नाही, एकदा फोन करून विचारलं? आणि तरी बोलले ते खरंच. थेंब आजपासून बंद. दोन्ही गोळ्या चालू. थेंब सोडले तरी अंगातलं आयोडीन लगेच जात नाही, आठवडे लागतात. रक्त दिलं.
एस.टी.त माय खिडकीकडे बघत होती. म्हटलं, तुला एवढा त्रास होत होता, आबांना नको का म्हणाली नाहीस?
तिनं पदर सारखा केला. मग, "तीस साल झाले लग्नाला. मह्या तब्येतीसाठी तुह्या बापानं पहिल्यांदा कायतरी आणलं. सकाळी उठून सोता हातानं देतेत. त्याला न्हाई म्हणू?"
आता कुणावर रागवायचं?

१८ जाने.
वस्तीत आणखी चार घरी तीच बाटली. दारोदार फिरले. कौसाबाई पदर तोंडाला लावून हसली. "माघल्या साली तूच म्हणली, खडा मीठ सोडा, आयोडीनचं पुडीचं घ्या. औंदा म्हणती आयोडीन नगं. एक काय ते ठरव ना माय."
मिठातलं चिमूटभर आणि बाटलीतलं ढीगभर, फरक समजावला. पाण्याचं उदाहरण दिलं, पिकाला पाणी लागतं म्हणून विहिरीत लोटतात का? हसल्या. दोघींनी बाटली बाजूला ठेवली. कौसाबाईनं नाही. दिगूदादा तिचा भाचेजावई.
मला टाळ्या नकोत. पण 'आयोडीन घ्या' हे माझंच वाक्य घेऊन तो माणूस घरोघरी विष विकतो आणि चहा माझ्याआधी त्याला मिळतो.

२० जाने.
रिपोर्ट. थायरॉइड फार वाढलेलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्या घेऊन या, भरती करावं लागेल बहुतेक. थेंबांमुळेच का, विचारलं. म्हणाले, गाठ आधीची आहे, पण थेंबांनी पेटवलं असणार.
मायचे ठोके आज १४०.
आबांना वाड्यात जाऊन सांगितलं. सगळं, 'पेटवलं' हा शब्दसुद्धा. आवाज चढवूनच सांगितलं. दहा दिवसांचा राग होता. ते एका मेंढीचा खूर साफ करत होते, तो सोडला नाही. मेंढी धडपडत होती. शेवटी खाली बघूनच म्हणाले,
"म्हंजी म्या केलं व्हय हे?"
नाही म्हणायला हवं होतं. दिगूदादानं केलं, न झालेल्या तपासणीनं केलं, मी केलं. एवढी सगळी नावं तोंडात होती. एकही बाहेर आलं नाही. आबांनी थोडी वाट पाहिली. मग दुसरा खूर धरला.

उद्या सकाळी सातची गाडी. मायचं लुगडं, रिपोर्ट, गोळ्या पिशवीत भरल्या. आबांनी स्वतःचं धोतर धुऊन वाळत घातलंय. येणार का, विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.