पंधरावा गडी

ब्रिन्दी, वेल्स
१२ जानेवारी १८९९

ती. इद्रिसदादास,
ग्विलिमचा सा. न.

माझं रग्बी खेळणं बंद होणार. संघाचे चिटणीस प्रॉथेरो यांनी काल खाणीच्या तोंडाशी गाठून स्वतः सांगितलं. नाताळात तू आलास आणि खाणीत दगावलेल्या टूडरच्या बायकोच्या मदतीसाठी ठेवलेल्या सामन्यात पंधरांतला एक गडी कमी पडताच कोट काढून मैदानात उतरलास. उत्तर इंग्लंडात तुझ्यासारखं पैसे घेऊन खेळणाऱ्याबरोबर जो खेळला, तो जन्माचा बाद. हा नियम तुला मी सांगायला हवा?

बाकीचे गडी म्हणतात, टोपी घातलेला कुणी परका होता, आम्ही ओळखलं नाही. मी काय सांगू? वेल्सच्या संघासाठी माझं नाव घेतलं जात होतं. गुरुवारी समितीपुढे उभं राहायचं आहे.

आई बरी आहे. तू त्या पैशातून पाठवलेली शाल पेटीतच आहे. ती पांघरून चॅपलला प्रार्थनेला गेली, की शेजारच्या बायका बाक सोडून उठतात.

तुझ्या कृपेने घरी बसलेला,
ग्विलिम


रॉचडेल, उत्तर इंग्लंड
१५ जानेवारी १८९९

चि. ग्विलिमला अ. आ.

पत्र पोचलं. गडी कमी पडला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. तोंडाने बोलावलं नाहीस, खरं आहे. पण दोनदा माझ्याच हातून चेंडू घेऊन पळालास, तेव्हा मी विटाळलेला नव्हतो का? टूडरने मला खेळ शिकवला. त्याच्या बायकोसाठी कडेला उभं राहून टाळ्या वाजवणं मला जमणार नव्हतं.

समितीला सांगून टाक, हा माणूस ओळखीचा नाही. सगळं गाव तीन वर्षं तेच करतंय. समितीतल्या मॉर्गनकाकांनी तर मला टाळायला चॅपलच्या भिंतीला नमस्कार केला. त्यात तुझी एक भर. नाहीच जमलं तर इकडे ये. आमच्या संघात जागा आहे, सूतगिरणीत कामही मिळेल. विकलेला म्हणून हिणवतील. सवय होते.

आईला म्हणावं, थंडी बाकावरच्या बायकांना विचारून पडत नाही.

रागाव, पण पत्र लिहीत जा.
तुझा दादा


ब्रिन्दी
२० जानेवारी १८९९

इद्रिस यास,

काल समितीने विचारलं, तो माणूस कोण. मॉर्गनकाका बाजूने, ‘ओळखत नाही म्हण’, अशी मान हलवून खुणावत होते. मी सांगितलं, माझा सख्खा भाऊ. यात माया शोधू नकोस. तू शिकवलेलं खोटं बोलून तुला तुझ्या चुकीतून मोकळं करायचं नव्हतं, इतकंच. जन्मभराची बंदी झाली. संघाचा सदरा तिथेच काढून घेतला. थंडीत बंडीवर घरी आलो.

तुमच्या संघातली जागा तुलाच लखलाभ. तुमच्यासारख्याच पैसे देणाऱ्या, ब्रॅडफर्डकडच्या एका संघाचा माणूस घरी आला होता. त्यांचा पुढचा सामना कुणाशी आहे हे कळल्यावर मी लगेच सही केली. आई शाल पांघरून मला गाडीवर पोचवायला येणार आहे. कोण उठून जातं ते बघते, म्हणाली.

पुढच्या शनिवारी, २८ तारखेला, आम्ही तुमच्या मैदानावर येतोय. चेंडू घेऊन पळताना आत वळण्याआधी तू डावा खांदा पाडतोस, हे तिकडे कुणाला माहीत नसेल. मला आहे. स्टेशनावर घ्यायला येऊ नकोस. चेंडू हातात आला की समोर बघ. ओळख पटेल.

ग्विलिम