फोतिनी मोडायची कशी

१२ फेब्रुवारी
इग्नातिसने मासेमारीचा परवाना परत केला! समुद्रात मासे थोडे, बोटी फार, असं ब्रसेल्सवाल्यांचं म्हणणं. बोट मोडून दाखवा, भरपाई घ्या. सामोस बेटावरचा आमचा धक्का निम्मा रिकामा झालाय. पण त्याची बोट 'फोतिनी' मी बांधलेली, माझ्या हातची! तिच्या कण्याचा वासा मांडला तेव्हा इग्नातिस रिवाजाप्रमाणे कोंबडा घेऊन आला होता. वाशावर कोंबड्याचं रक्त पडल्याशिवाय इथे कुठलीच बोट बांधायला घेत नाहीत. आता मला तोंड दाखवत नाही. नको दाखवू!

२० फेब्रुवारी
हरलं! यंत्र हरलं! मोठा लोखंडी पंजा घेऊन आलं, दणादण आपटलं — फोतिनीच्या कुशीला नुसता ओरखडा. शेवटी पंज्याचाच दात तुटला. अख्खा धक्का टाळ्या पिटत होता. मी रडलो, आनंदाने. कॉफीवाली, मरुला तिचं नाव, यंत्राच्या ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, आधी माझा कालचा पाव मोडून बघा. सराव होईल."

२१ फेब्रुवारी
मत्स्यखात्याच्या बाई आल्या. पिरेअस बंदरातून दुसरं यंत्र आणणं परवडत नाही म्हणे. "मिस्त्री, तुम्ही बांधलीत, तुम्हीच मोडा. मजुरी काय घ्याल?"
"लाकूड."
बाईंनी नियम पुन्हा वाचला. परवाना गेला, मासे धरायचे नाहीत, बोट मोडायची — ठीक. लाकूड जाळा असं कुठेच नाही! बाईसुद्धा हसल्या.

२ मार्च
शेवटी ठोकलेली फळी आधी काढायची, असं उलटं चाललंय. एक फळी चिरू दिलेली नाही. सगळ्यांवर खुणा केल्यात. हात सुजलेत. इग्नातिस रोज कॉफीच्या दुकानातून बघत बसतो, असं मरुला सांगते. कोडगा! खरं म्हणजे त्याने तरी काय करावं? डिझेलचा खर्चही सुटत नव्हता. तरी राग जात नाही.

१५ मार्च
जिंकलो! बाईंनी सही केली — बोट शिल्लक नाही. मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. आणि माझ्या छपराखाली पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत अख्खी फोतिनी निजलीय! मासे नाही धरणार, पण पुन्हा तरंगेल.
मरुला म्हणाली, "जोडणार कोण? तुला एकट्याला कणा तरी उचलवेल का?" घरी येऊन जेवलो.

१६ मार्च
सकाळी छपराखाली इग्नातिस उभा. काखेत कोंबडा होता.