ओळीवर ओळ

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आईचं तसं बरं आहे. झटक्यात वाचा गेली ती गेलीच, पण डावा हात चालतो. तेवढ्यावर ती आपला जुना कॉम्प्युटर बडवत असते, ज्यावर तिने तीस वर्षं टायपिंगची कामं केली तोच. माझ्या लॅपटॉपकडे ढुंकून बघत नाही. ती तुला पत्र लिहीत असताना मी जवळ गेलो की स्क्रीन काळी करते. मग स्वतःच बटण दाबते आणि वायरीतून फाइल माझ्याकडे येते.

येते म्हणजे काय, कप्पाळ! ती दोन पानं लिहिते, इकडे एकच ओळ दिसते. या वेळी दिसली ती अशी: काळजी घे, मी बरी आहे, तुझी आई. आणि मागे एक लोंबतं ‘ची’. वायर बदलली, वेग कमी केला, दुकानदाराचे पाय धरले. तो म्हणतो, भंगारात द्या.

आता खरं सांगतो, मनाला खातंय. आधीची तिन्ही पत्रं, शेवटची ओळ सोडली तर, मीच रचली. एका ओळीने तुझा जीव घाबरा झाला असता. रागव, पण लवकर काहीतरी सुचव. दुसरा झटका आला तर हातही जाईल असं डॉक्टर म्हणतात, मग तिच्या मनातलं मनातच राहील. थकलोय गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा भाऊ

७ मार्च

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

पत्रं तुझी, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आईने उभ्या जन्मात माझ्या हातच्या जेवणाचं कौतुक केलंय का रे? पण खोटं का होईना, वाचायला बरं वाटायचं, म्हणून गप्प बसले.

आमच्या ऑफिसातल्या जुन्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, जुनं यंत्र ओळ संपली की फक्त सुरुवातीला परत जा म्हणतं, खाली उतर म्हणत नाही. तुझा लॅपटॉप आज्ञाधारक, म्हणून प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या डोक्यावर बसते. हरवलेलं काहीच नाही. चारही फाइली हात न लावता जशाच्या तशा पाठव.

जेवत जा वेळेवर.
ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न.

पाठवल्या. तूच आधी वाच. गेल्या महिन्यात तिने पाणी सांडलं म्हणून मी ओरडलो होतो. माझ्याबद्दल तक्रार असेल तर तीही कळव, सोसेन.

तुझा भाऊ

११ मार्च

चि. ठोंब्यास, अ. उ. आ.

मेकॅनिकने सगळ्या ओळी खाली उतरवल्या. एक अक्षर गहाळ नाही. माझ्याबद्दल दोनच वाक्यं आहेत, दोन्ही टोमणे. बाकी सगळं तुझ्याबद्दल. तू उभ्याने जेवतोस. खोकला अंगावर काढतोस. पाणी सांडलं त्या दिवशी नळ सोडून रडलास, ते तिला ऐकू आलं. ते लोंबतं ‘ची’सुद्धा खाली दबलेल्या लांब ओळीतल्या ‘त्याची’मधलं आहे.

पहिल्या पत्रापासून एकच मागणं आहे: ये, आणि याला महिनाभर झोपू दे. नोव्हेंबरपासून ती मला बोलावतेय रे, आणि मी तू केलेल्या कौतुकाला उत्तरं धाडत बसले. लाज वाटते.

महिन्याची रजा घेतली आहे, रविवारी सकाळी पोचते. आईला एवढंच सांग, की पत्र मिळालं. मला दार उघड आणि सरळ जाऊन झोप.

लोभाचं काय ते समोरासमोर बघू.
तुझी ताई