गॅलरीतलं मीटर

सोमवार, ३ फेब्रुवारी

शाळा येणार! समोरच्या पडीक जागेवर. अजून नुसता प्रस्ताव आहे म्हणा — आधी पर्यावरणाची तपासणी. झाडं, धूळ, सांडपाणी, आवाज. मग अहवाल, मग सुनावणी, मग परवानगी. त्या तपासणीतली एक मुलगी आज आली. बेल अशी दाबली की वाजली की नाही तेच कळेना. “काकू, जागेला सगळ्यांत जवळचं घर तुमचं. गॅलरीत आठवडाभर आवाजाचं मीटर ठेवू का?” ठेव म्हटलं. स्वतः राहायला येते म्हणाली असती तरी नाही म्हटलं नसतं.

तिने नकाशा दाखवला. खेळाचं मैदान बरोबर माझ्या गॅलरीखाली! मधल्या सुट्टीत पोरं काय किंचाळतील! मला इतका आनंद झाला की चहात साखर घालायची विसरले. बिचारीने तसाच प्यायला.

खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी संध्याकाळी जिन्यात गाठलं. “काकू, रोज घंटा, रोज दंगा. आपण विरोध करायचा हं.” मी हो ला हो केलं. भांडायला दम लागतो, वकिलांशी तर जास्तच.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मीटर तीन पायांवर उभं आहे. डोक्यावर स्पंजची टोपी. कोणीतरी पाहुणं आल्यासारखं वाटतं.

मी घरात चवड्यांवर चालतेय. नळ बारीक, भांडी हळू. टीव्ही तसाही लावत नाही, त्यात सगळे एकदमच बोलतात. सवयच आहे ही! अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लाइन टेस्टिंगला असली की ऑपरेटरच्या तोंडाला कुलूप. कोणी नुसतं खाकरलं तरी सुपरवायझरबाई डोळे वटारायच्या. मापं घेणाऱ्याला स्वच्छ लाइन द्यायची, हे अंगात मुरलंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

मुलाचा फोन. कुजबुजत बोलले. “आई, घसा बसलाय का?” म्हटलं, अरे मीटर आहे. “कसलं मीटर?” सांगायला लागले, तेवढ्यात तिकडे त्याला कोणीतरी हाक मारली. बरं, ठेवतो, म्हणाला.

सोमवार, १० फेब्रुवारी

मीटर नेलं. “काकू, इतकं शांत घर मी अजून पाहिलं नाही!” ती म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बसली थोडा वेळ. तीही खोली घेऊन एकटीच राहते. जाताना तिचा नंबर देऊन गेली — काही लागलं तर. काय लागणार? पण ठेवलाय.

गॅलरी उगाच मोठी दिसतेय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

वकील बिस्किटांचा पुडा घेऊन दारात! “काकू, तुमच्यामुळे जिंकलो!” अहवालाचा मसुदा आला म्हणे. शाळा होणार. पण आमच्या बाजूला उंच भिंत, आवाज अडवणारी. खेळाचं मैदान इमारतीच्या पलीकडे. “का तर तुमच्या गॅलरीत विलक्षण शांतता आहे. ती मोडता येत नाही!”

बिस्किटं घेतली. थँक्यूसुद्धा म्हटलं, मेलं!

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मीटरवाल्या पोरीला फोन केला. सगळं सांगितलं — चवड्यांवर चालले, नळ बारीक केला, कुजबुजले. आधी खूप हसली. मग म्हणाली, “अहो काकू, आधी जितकं शांत, तितका शाळेचा आवाज जास्त भरतो, म्हणून भिंत. तुम्ही रोजच्यासारखं राहायचं होतं!”

मग मला कोण सांगणार? बरं, मीही विचारलं नाही. शहाणी ना मी!

वरिष्ठांना विचारून तिचा फोन आला. पुन्हा मोजणार. माप वाढलं तर भिंत जाऊ शकते, मैदानही जागेवर येऊ शकतं. एकच अट घातली तिने: “मुद्दाम आवाज करायचा नाही हं. खोटं माप मी लावणार नाही. फक्त रोजच्यासारख्या राहा.” कबूल! जीव भांड्यात पडला. माझ्या घरात काय कमी आवाज असतो का?

मंगळवार, ४ मार्च

टोपीवालं परत आलं. आज पाय नीट टेकवून चालले. नळ पूर्ण सोडला. कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या — एका वाटीभर भाताला किती होणार? झाल्या तेवढ्या. दुपारी झोपले. रोज झोपतेच. मग गॅलरीत बसले, तीही रोजच बसते.

गुरुवार, ६ मार्च

आज कोणाशीच बोलले नाही. मुद्दाम नाही. कोणी नव्हतं.

रविवार, ९ मार्च

मुलाच्या फोनची वाट पाहिली. आज मोठ्याने बोलणार होते. प्रवासात असेल.

एकदा वाटलं, हातातलं ताट द्यावं सोडून! कोणाला कळणार आहे? पण कबूल केलंय पोरीला. ताट पुसून जागेवर ठेवलं.

सोमवार, १० मार्च

मीटर घेऊन गेली. घाईत होती. माप किती, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

तिचा फोन. “काकू, रोजच्यासारख्याच राहिलात ना?”

हो, म्हटलं.

“माप तेच आलंय. काहीच फरक नाही.”

म्हणजे जीव मुठीत धरून गप्प बसले तो आठवडा, आणि माझी मी जगले तो आठवडा — एकच! रडू आलं. फोनवर नाही, आतल्या आत.

“भिंत राहणार, काकू,” ती म्हणाली. मग मला वाटलं लाइन कटली. हॅलो, हॅलो केलं.

“आहे मी,” ती म्हणाली. “उद्या येऊ का? मीटर न घेता?”

ये, म्हटलं. आणि बेल जरा जोरात वाजव.