ह्यांच्या हाताची पट्टी

आई,

ह्यांच्या उजव्या हाताची पट्टी दुपारी बदला. चाव्याची जखम आहे, नीट धुवा.

काल किल्ल्याच्या पायरीवरून घसरलो, असं सांगतील. पायरीला दात नसतात! सीझन संपल्यामुळे तटावर चिटपाखरू नव्हतं. ‘लवकर घरी जाऊ’ एवढंच मी म्हणाले, तर माझा गळा धरून मला कठड्याबाहेर समुद्रावर वाकवलं. मी हाडापर्यंत चावले, तेव्हा सुटले.

तुमचा खांदा मोडला तेव्हा मामंजींनीही पायरीच सांगितली होती. मी नर्स असून मान डोलावली. चुकलं माझं.

मी कोपऱ्यावरच्या स्टॉपवर थांबलेय, दहाची बस आहे. तुमचेही कपडे माझ्या बॅगेत भरलेत. मरू दे ती पट्टी. चपला घाला आणि या.