येते हं

सोमवार, ४ मार्च

भुतालाही वारस लागतो, हे आज कळलं!

खार दुपारी आली. आता एकतिशीची घोडी झाली, पण मला नात म्हणजे खारच. लहानपणी एका जागी दोन मिनिटं ठरेल तर शपथ, म्हणून आमच्या हिने ठेवलेलं नाव. पिशवीतून एकशे बारा पानांची संहिता काढली आणि वर एक कागद— दिवंगत व्यक्तीच्या आवाजाच्या वापरास वारसाची संमती. खाली माझं नाव छापलेलं, सहीची रेघ रिकामी. नावात वेलांटी चुकलेली. आधी ती सुधारली. चाळीस वर्षं शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासली, हात ऐकत नाही.

"आजोबा, आपल्या सहा मिनिटांचा मोठा चित्रपट होतोय! आणि दिग्दर्शक मीच."

सहा मिनिटं म्हणजे 'दाराआड'. खारीने शिकत असताना याच घरात केलेला भयपट. एकटी मुलगी, लांब बोळ, बंद दार. दाराआडून म्हातारीचा आवाज— "येते हं." दार करकरतं. संपलं. लाखो लोकांनी पाहिला म्हणे. मग कुणी दोघांनी त्यावरून व्हिडिओ गेम केला, आणि आता त्या दोन्हींवरून चित्रपट. तिन्हींत नायिका एकच— आमची ही. जाऊन सात वर्षं झाली, आवाज तेवढा अजून नोकरीवर आहे.

कंपनीचं म्हणणं सरळ आहे. लोक त्या आवाजाला ओळखतात. तो आवाज नाही, तर चित्रपट नाही. सही बावीस तारखेपर्यंत.

"वाचतो आणि सांगतो," म्हटलं. खारीचं तोंड एवढंसं झालं. तीन वर्षं दारोदार फिरली आहे पोरगी. तिला वाटलं होतं, आजोबा पेन घेऊनच बसले असतील.

मंगळवार, ५ मार्च

तीस पानं वाचली. अनुस्वार एकसष्ट ठिकाणी गाळलेत. भीती कुठेच वाटली नाही.

गुरुवार, ७ मार्च

आज गेम खेळलो! म्हणजे खारीने माझी बोटं बटणांवर ठेवली. आपणच त्या बोळातून चालत असतो. बारा दारं. बोळ आमचाच— भिंतीवरचा ओलीचा डागसुद्धा तिने केलेल्या चित्रीकरणावरून जसाच्या तसा उतरवलाय. मधेच हिचा आवाज येतो— "येते हं." तो आला की धावत जाऊन कपाटात लपायचं. नाही लपलं तर खेळ खलास.

पहिल्यांदा आवाज आला आणि माझी बोटंच थिजली.

"लपा आजोबा! लपा ना! ते डावीकडचं कपाट!"

नाही लपलो. हिच्यापासून कसला लपतोय? पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. पाच वेळा मेलो. खार हसून हसून लोळली. मग एकदम थांबली. म्हणाली, "एवढ्या लोकांना खेळताना पाहिलंय मी. दारासमोर कुणीच उभं राहत नाही. तुम्ही एकटेच."

मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यांना ते कपाट झेपत नाही."

शनिवार, ९ मार्च

पटकथाकार आला होता. नाकावर चष्मा, चष्म्यावर आणखी एक चष्मा. माझ्या दुरुस्त्या पाहून हबकला. "काका, हे सगळं तुम्ही तपासलंत?"

मग समजावून सांगू लागला. सहा मिनिटांत कारण लागत नाही. आवाज आला, दार उघडलं, लोक घाबरले, संपलं. गेममध्येही लागत नाही, कारण खेळणारा पळण्यात गुंतलेला. पण दोन तास माणूस अंधारात बसवायचा तर तो विचारतो— ती येते कशाला?

"कशाला येते?" मी विचारलं.

"सूड! पान चौऱ्याहत्तर. नवरा असतो एक. बायको दारात जीव सोडत असते, आणि हा आत पुस्तकात तोंड खुपसून बसलेला. मान वर करत नाही. ती त्याच्यासाठी येते."

पुस्तकात तोंड खुपसून. हे त्याला आपसूक सुचलेलं नाही. मी खारीकडे पाहिलं. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती.

तो गेल्यावर पान चौऱ्याहत्तर काढलं. तीनदा वाचलं. एकही चूक सापडली नाही.

रविवार, १० मार्च

लेकीचा फोन. कानाला लावायची गरज नव्हती.

"आईचं भूत केलंत, ते केलंत. तेव्हा तुम्ही भानावर नव्हता, पोरीने विचारलं, तुम्ही मान हलवलीत. पण बाबा, आता तिला खुनी करणार? आणि तुम्हाला कोण करणार, माहीत आहे ना?"

"वाचलंय मी."

"आणि तरी कागद घरात ठेवलाय!"

"तुझ्याच मुलीचा चित्रपट आहे."

"माझ्याच आईचा आवाज आहे!"

दोघीही खऱ्या. मधे मी, हातात बिनसहीचा कागद.

मंगळवार, १२ मार्च

आज लिहूनच टाकतो. सात वर्षं या वहीतही लिहिलं नाही.

दवाखान्यात हिची तपासणी होती त्या दिवशी. साधीच. लेक खाली गाडीत थांबलेली. खार बोळात आवाज टिपायचं यंत्र लावून बसली होती— रिकाम्या घराचा आवाज हवा म्हणाली. घर कधी रिकामं असतं? मी आतल्या खोलीत. माळ्यावरून चौथीचं जुनं वाचनपुस्तक सापडलं होतं, मी शिकलो ते. त्यात होडीची कविता. पहिली ओळ एकाच शब्दाची. गुरुजी म्हणायचे, हा शब्द नदीच्या पलीकडे ऐकू गेला पाहिजे! आम्ही श्वास संपेपर्यंत ताणायचो. साठ-पासष्ट वर्षांनी ते पान हाती आलं होतं. चिकट बोटांचे डागसुद्धा तसेच. मी तिथे नव्हतोच. मी चौथीत होतो.

दारातून ही म्हणाली, "येते हं."

ऐकलं मी. कुठेतरी ऐकलं. मान वर केली नाही. 'ये' म्हटलं नाही. एवढं एक अक्षर! कुणी निघालं की आपण म्हणतोच ते, विचारही न करता.

ही दुपारी तिकडेच गेली. हृदय थांबलं म्हणाले.

बुधवार, १३ मार्च

हिची एक थट्टा आठवत राहिली. "तुमचं मनातल्या मनातलं वाचन शेजाऱ्यांनाही पाठ झालंय हो!" किती वर्षांत कुणी चिडवलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

खारीला बोलावून घेतलं. मनाशी ठरवलं होतं, रागावायचं. म्हटलं, "पुस्तकाचं त्याला तू सांगितलंस."

"सांगितलं." मान खाली. "मी बोळात होते आजोबा. मला दिसत होतं. आजी दारात थांबली होती, तुमच्याकडे बघत. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता! मग ती गेलीच. मग राग कुणाला सांगणार?"

सात वर्षं ही पोरगी माझी औषधं आणते, चष्मा पुसून देते, आणि पोटात हे घेऊन फिरते.

मी म्हटलं, "राग बरोबर आहे तुझा. पण संहितेत एक चूक राहिलीय. माझ्याही नजरेतून सात वर्षं सुटली." आणि पहिलं पान काढून त्या दोन शब्दांखाली रेघ मारली. येते हं.

"यात काय चूक? ती येतेय."

"ती निघालीय, खारे."

तिला कळेना.

"आपल्यात बाहेर पडताना 'जाते' म्हणतं का कुणी? 'जाते' म्हटलं की कशी खेकसायची तुझी आजी! 'येते म्हण!' जाणारा 'येते' म्हणतो आणि घरातला 'ये' म्हणतो. मग पाय निघतो. तुझ्या भुताला कुणाच्या मागे यायचं नाहीये. ते दारात खोळंबलंय. निरोप मागतंय. आणि सगळी दुनिया कपाटात लपतेय!"

खारीने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू, "मी सहा मिनिटं चुकीची केली?"

"लाखो लोक घाबरले. चुकीची कशी?"

"पण तुम्ही घाबरला नाहीत."

"मी रोज घाबरतो," म्हटलं. "ती येईल म्हणून नव्हे. माझ्यामुळे अजून तिथेच उभी असेल म्हणून."

मंगळवार, १९ मार्च

खार कंपनीशी भांडून आली. सूड काढून टाकायचा, म्हणाली. शेवटी कुणीतरी कपाटातून बाहेर यायचं, दारासमोर उभं राहायचं आणि 'ये' म्हणायचं. बस. पटकथाकार आधी उखडला, मग त्याने दोन्ही चष्मे काढून ठेवले म्हणे. त्याची आई परगावी असते. तिला फोन लावायला बाहेर गेला.

कंपनी अर्धी तयार आहे. पण सही हवीच. आणि त्यांच्या ध्वनिवाल्याला मूळ ध्वनिमुद्रण हवंय, न कापलेलं. वापरलेला तुकडा फार खरखरतो म्हणे. खार खोकी उपसतेय.

माझा हात अजून कागदाकडे जात नाही. शेवट गोड केला, म्हणून काय झालं? पडद्यावर कुणी नट 'ये' म्हणेल. हिला त्याचं काय?

गुरुवार, २१ मार्च

यंत्र सापडलं. खार घेऊन आली, काडेपेटीएवढं. म्हणाली, "मी तेव्हा पहिले दोन शब्दच ठेवले होते. पुढचं ऐकलंच नाही नीट. पुढे तुमचा आवाज येत होता, भीती जात होती, म्हणून कापलं."

माझा आवाज? मी तर मनात वाचत होतो.

उद्या ऐकू म्हटलं. आज धीर नाही.

शुक्रवार, २२ मार्च

सकाळी ऐकलं. खार शेजारी. आधी हिचं— "येते हं." मग बराच वेळ काही नाही, नुसती पानाची सळसळ. मग पुन्हा हीच, जरा मोठ्याने— "अहो, येते!" आणि मग मी. होडीच्या कवितेचा पहिला शब्द, नदीपलीकडे जाईल असा लांबवलेला—

"ये…"

तो होडीला होता. हिला नव्हता. मला ठाऊक आहे. पण दारात ही हसली. अगदी स्पष्ट ऐकू येतं. म्हणाली, "बरं." मग चपला. मग दार.

सही केली.